भूमिदर्शनाची वही

आगबोटीनं हवा खायला जायचं तर तयारीला किती दिवस लागतात, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. मी सांगतो, चव्वेचाळीस. त्यातले बेचाळीस ठाण्यात जातात आणि दोन समुद्रावर. समुद्रावरचे दोन त्या मानानं सोपे.

सुरुवात आत्याच्या खोकल्यानं झाली. घरात आम्ही तिघंच. आत्या, म्हणजे रखमाबाई, वयानं साठीला टेकलेली आणि आवाजानं पस्तिशीत. मी मधू, कचेरीत कारकून. आणि धाकटी बहीण शुभदा, जिचं लग्न कल्याणच्या हरिहरपंतांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. वाङ्निश्चय तेवढा फाल्गुनात व्हायचा होता. शुभदानं मुलगा एकदाच, तोही देवळातल्या खांबाआडून पाहिला होता. पण त्या दिवसापासून तिच्या पोळ्या गोल व्हायला लागल्या होत्या. पोळ्या खाणारा म्हणून मला या लग्नाची काळजी इतरांपेक्षा जास्त.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आत्याची छाती ऐकली आणि म्हणाले, "बाईंना मोकळ्या समुद्राची हवा द्या."

"आमच्याकडे खाडी आहे," आत्या म्हणाली.

"खाडीच्या हवेत निम्मा चिखल असतो, बाई."

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात जाहिरात आली. मुंबईची एक आगबोट नाताळनंतर उतारूंना नुसत्या सहलीसाठी रत्नागिरीला नेणार. पहाटे निघायचं, संध्याकाळी पोचायचं, मुक्काम रत्नागिरीच्या धर्मशाळेत, दुसऱ्या दिवशी परत. आत्यानं जाहिरात माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि म्हणाली, "साठ वर्षं मी पाणी पाहिलं ते विहिरीतलं, नाहीतर खाडीतलं. दोन्हींना पलीकडचा काठ दिसतो. जाऊ या."

दुसऱ्या दिवशी सगळ्या नौपाड्याला कळलं. नौपाड्यात आगबोटीत बसलेलं कुणीच नव्हतं, त्यामुळे सल्ला मिळायला अजिबात वेळ लागला नाही. कुणी म्हणालं बरोबर मिरच्या घ्या, कुणी म्हणालं मिरच्या सोडून काहीही घ्या. शेजारच्या आवडाबाईंचा शब्द शेवटचा मानायचं ठरलं, कारण त्यांचा मामेभाऊ एकदा बोटीनं हर्णैला गेलेला. येताना तो चालत आलेला, पण अनुभव तो अनुभव.

"बोट लागते रे मधू," आवडाबाई म्हणाल्या, "पोटातलं सगळं बाहेर येतं. भाऊ म्हणायचा, आदल्या दिवाळीचंसुद्धा आलं. त्याला एकच उपाय. रोज तासभर झोपाळ्यावर बसायचं. डोळे मिटून. शरीराला आधीच सांगून ठेवायचं."

हा सल्ला मला शास्त्रशुद्ध वाटला. आमच्या ओसरीला झोपाळा होता. रोज संध्याकाळी मी पगडी घालून, मांडीवर गाठोडं घेऊन, डोळे मिटून त्यावर बसू लागलो. मागून शुभदा झोके देई. पुढच्या अंगणात आवडाबाई उभ्या राहून "लाट आली, लाट गेली" असं सांगत. रस्त्यावरची माणसं थांबत. कचेरीतल्या एकानं मला दुसऱ्या दिवशी फार हळुवारपणे विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना.

नवव्या दिवशी आवडाबाई म्हणाल्या, "आज वादळाचा सराव." शुभदानं दोन्ही हातांनी झोका दिला. तिच्या हातात तिच्या पोळ्यांवरून वाटत नाही इतका जोर आहे. मी वर गेलो, आणि वर असतानाच आढ्याची कडी निखळली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी ओसरी ओलांडली. पायऱ्या ओलांडल्या. आवडाबाई बाजूला झालेल्या मी हवेतून पाहिल्या. आणि मग मी आमच्या तुळशीवृंदावनावर उतरलो.

मला फारसं लागलं नाही. वृंदावनाचे मात्र चार तुकडे झाले.

आत्या बाहेर आली. तिनं आधी तुळशीकडे पाहिलं, मग मला पाहिलं, आणि क्रम तिनं आजवर तोच ठेवला आहे. तिनं तुळस मुळासकट आणि मातीसकट उचलली, कुंभारवाड्यातून आणलेल्या घागरीएवढ्या कुंडीत लावली, आणि जाहीर केलं, "हिला बेघर तू केलंस. आता ही माझ्या डोळ्यांसमोरून हलणार नाही. बोटीवरसुद्धा माझ्याबरोबर येईल. हिला पाणी घातल्याशिवाय मी पाणी पीत नाही, ठाऊक आहे ना?"

"आत्या, आवडाबाई घालतील की पाणी दोन दिवस."

"आवडाबाईंचं ऐकूनच ही वेळ आली."

यावर आवडाबाईंनी तीन दिवस सल्ला बंद ठेवला. नौपाड्यात तेवढी शांतता पुन्हा झालेली नाही.

तोवर बातमी कल्याणला पोचली होती. ठाण्याहून कल्याणला गाडी जाते, पण बातमी तिच्या आधी जाते. हरिहरपंतांचं पत्र आलं. "आपणांकडे समुद्रावर जाण्याचा बेत असल्याचे कर्णोपकर्णी समजले. खरे असल्यास वाङ्निश्चयाचा मुहूर्त तूर्त थांबवावा. दोष लागलेल्या घराशी सोयरीक करणे आमच्याकडे बसत नाही."

त्या संध्याकाळी शुभदाच्या पोळ्यांना चार-चार कोपरे होते.

"आत्या, आपण नको जायला," ती म्हणाली.

"गप गं," आत्या म्हणाली. "आज मला हवा खाऊ नका म्हणतात. उद्या तू त्या घरात गेलीस, की तुला शिंकायचा मुहूर्त काढतील. हे आत्ताच मिटवू. मधू, उद्या कल्याण."

कल्याणला हरिहरपंतांच्या ओसरीवर त्यांचे शास्त्रीबुवा आणि चार वडीलधारे आधीच बसलेले होते. हरिहरपंत म्हणजे असा माणूस, की त्यांच्यासमोर आपण काही केलं नसलं तरी कबूल करावंसं वाटतं.

आत्या म्हणाली, "निम्मं कोकण बोटीनं येतंजातं, पंत. त्यांना नाही का दोष लागत?"

"ते पोटासाठी जातात. तुम्ही हौसेसाठी."

"डॉक्टरांनी खायलाच सांगितलंय हो. हवा."

वडीलधाऱ्यांपैकी एकाला ठसका लागला. शास्त्रीबुवांनी तपकीर ओढली, आठ दिवसांची मुदत मागितली, आणि आठव्या दिवशी पुन्हा त्याच ओसरीवर बोलावून दोन पानी निर्णय दिला. मला त्यातलं एकच वाक्य कळलं, पण तेच महत्त्वाचं होतं. समुद्रावर असताना भूमीचं दर्शन अखंड राहिलं तर दोष नाही. दर्शनात खंड पडला तर प्रायश्चित्त, आणि सोयरीक रद्द.

"आगबोट किनाऱ्या-किनाऱ्यानंच जाते," मी म्हणालो. "भूमी सतत दिसते."

"दिसली हे कोण सांगणार?" हरिहरपंत म्हणाले.

इथं माझी चूक झाली. संकटात इतरांना देव आठवतो, कारकुनाला रकाने आठवतात. मी म्हणालो, "वही ठेवू. दर अर्ध्या तासाला नोंद करू."

आणि तिथंच, त्यांच्या ओसरीवर, मी वही आखली. वेळ. दिशा. भूमी दिसली किंवा नाही. अंदाजे अंतर. शेरा. साक्षीदाराची सही. आखणी इतकी देखणी झाली, की हरिहरपंतांनाही ती आवडली, आणि तेच वाईट झालं. "साक्षीदार आमचा असेल," ते म्हणाले. "आमचे धाकटे बंधू विश्रामपंत बोटीवर येतील. नोंदी तेच करतील, स्वहस्ते."

"मग विश्रामपंतांना दोष?" आत्यानं विचारलं.

"तपासाला जाणाऱ्याला दोष नसतो," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी हे वाक्य निर्णयाच्या शेवटी लगेच वाढवलंसुद्धा.

विश्रामपंत कोपऱ्यात ताठ बसले होते. पन्नाशीचे, उंच, पगडी काठोकाठ सरळ. या माणसानं आयुष्यात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. प्रामाणिकपणामुळे असेल, पण मला वाटतं खोटं बोलायला जी कल्पनाशक्ती लागते तिचा पुरवठा त्यांच्याकडे झालेलाच नव्हता. ते उठले, वही हातात घेतली आणि म्हणाले, "जे दिसेल ते लिहीन. जे दिसणार नाही तेही लिहीन."

आता रजेचं. आमच्या कचेरीत रजा तीन कारणांनी मिळे. स्वतःचं लग्न, स्वतःचं आजारपण आणि जवळच्याचा मृत्यू. 'आत्याचा खोकला' असं मी लिहिलं तेव्हा हेडकारकुनांनी अर्ज परत केला.

"खोकला आत्याला, मग रजा तुम्हाला का?"

"मी आत्याला घेऊन जाणार आहे."

"खोकला हलवायला कारकून लागतो असा नियम नाही."

मग खोकला माझा आहे असा अर्ज केला. त्यावर दाखला हवा. डॉक्टरांनी माझी छाती ऐकली आणि म्हणाले ती उत्तम आहे. मी खोकून दाखवलं. ते म्हणाले, यापेक्षा बरं खोकता येईल. तिथल्या तिथं त्यांनी मला आत्याचा खोकला आठवायला सांगितलं. मी साठ वर्षांच्या बाईसारखा खोकलो आणि त्यांनी दाखला दिला, पण त्यात वयाच्या रकान्यात सवयीनं साठ लिहिलं. हेडकारकुनांनी तो वाचून रजा तर मंजूर केलीच, पण मला निवृत्तीचं विचारायला सुरुवात केली. ते प्रकरण अजून चालू आहे.

इतकं झाल्यावर मला सुचलं, की ज्याला आगबोट खरोखर ठाऊक आहे अशा एखाद्याला विचारावं. हे आधी सुचायला हवं होतं. नौपाड्यात सल्ला इतका जवळ मिळतो, की लांब जायची सवयच राहत नाही. चर्चच्या मागं नॉर्मन राहायचा. वीस वर्षं आगबोटींवर बटलर होता, एडनपर्यंत जाऊन आलेला, आता भातशेती आणि कोंबड्या करतो. मी त्याच्या कुंपणाबाहेर उभा राहिलो.

"आत ये म्हणत नाय हां," तो हसत म्हणाला. "परत तुला थंड पाण्यानं न्हावं लागंल. बोल."

मी झोपाळ्यापासून सगळं सांगितलं. नॉर्मननं हसता हसता कोंबडीवर हात टेकला, कोंबडी ओरडली.

"अरे बाबा, जहाज हाय ते, झोपाळा नाय. ऐक. जहाजाच्या बरोबर मधी बसायचं. नाकाकडं नाय, शेपटीकडं नाय. उपाशी जायाचं नाय आनि तुडुंब खाऊन पन नाय. कोरडं खायाचं, थोडं थोडं. लिंबू हुंगायचं. खाली पान्याकडं बघायचं नाय, लांब बघायचं. डोस्क्यावरचं ते बांधून ठेव, वारा नेईल. आनि एक. लिवायचं नाय, वाचायचं नाय. कागदाकडं बघितलंस का मेलास."

मी वही आठवली. तिच्यात दर दिवशी चोवीस नोंदी होत्या.

"दुसऱ्या कुणी लिहिलं तर?" मी विचारलं.

"मंग तो मेला," नॉर्मन म्हणाला.

मी मोठ्या मनानं हे विश्रामपंतांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "कर्तव्यात अडथळा आणण्याच्या हेतूने दिलेला सल्ला स्वीकारता येत नाही." पगडीला दोरी बांधण्याबद्दलही त्यांनी असंच काही लिहिलं होतं, जास्त संस्कृतात.

निघायच्या दिवशी आमचं सामान असं होतं. दोन हंडे घरच्या विहिरीचं पाणी, तोंडं कापडानं बांधलेली. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या, कारण त्या प्रवासात चालतात आणि आठ दिवस मऊ राहतात. शुभदानं लाटलेल्या असल्यानं सगळ्या चौकोनी होत्या आणि डब्यात छान बसल्या. चाळीस लिंबं. सुंठ, आवळकाठी. आवडाबाईंनी दिलेली मिरच्यांची पुरचुंडी. आणि कुंडी, जी आत्यानं भाऊच्या धक्क्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. शुभदा घरी राहिली. तिनं निरोप देताना मला एकच सांगितलं, "दादा, बघत राहा रे. सतत बघत राहा."

धक्क्यावर तिकीट तपासणाऱ्यानं कुंडी अडवली.

"हे काय?"

"तुळस."

"सामान की उतारू?"

आत्या म्हणाली, "म्हणजे?"

"बाई, सामान खाली कोठारात जातं. वर तुतकावर, डेकवर, फक्त उतारू आणि जिवंत जनावरं. बकरीला अर्धं तिकीट पडतं."

"ही कोठारात जाणार नाही."

"मग जिवंत आहे असं लिहून अर्धं तिकीट घ्या."

मी घेतलं. तुळशीला अर्धं तिकीट काढणारा मी पहिला ठाणेकर असेन. तपासणाऱ्यानं त्यावर 'झाड, मातीसह, एक' असं लिहून शिक्का मारला, आणि आत्यानं ते तिकीट सुतानं कुंडीच्या गळ्यात बांधलं. मागं उभ्या विश्रामपंतांनी हे सगळं पाहिलं आणि चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही.

पहिला दिवस विजयाचा गेला. उघड्या तुतकावर, बरोबर मध्यभागी, नॉर्मननं सांगितलेली जागा आत्यानं कोपरानं मिळवली. डावीकडे किनारा रेघेसारखा चाललेला, नारळ, डोंगर, मध्येच एखादा किल्ला. आत्या उजवीकडे तोंड करून बसली, जिकडे काहीच नव्हतं. तासभर ती तिकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "मधू, पलीकडचा काठ खरंच नाही रे." आणि दशमी खाल्ली. दोन. ती त्या दिवशी एकदाही खोकली नाही.

विश्रामपंत खिशातलं घड्याळ काढत, किनाऱ्याकडे बघत, वहीकडे बघत, लिहीत. "भूमी दिसली. अंतर अंदाजे दोन कोस." सही. पुन्हा घड्याळ. बाराव्या नोंदीला पगडी गेली. वारा आला, पगडी उठली, क्षणभर त्यांच्याकडे वळून पाहिल्यासारखी थांबली आणि समुद्रावर बसली. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "पगडी गेली. भूमी आहे." मला या माणसाबद्दल त्या क्षणी आदर वाटू लागला. संध्याकाळपर्यंत त्यांचा रंग लिंबासारखा झाला होता, पण चोवीसच्या चोवीस नोंदी पूर्ण होत्या.

दुसऱ्या दिवशी परतीला पहाटे निघालो. सात वाजता नोंद झाली. साडेसातची झाली. आठचीही झाली, सही करून विश्रामपंतांनी वहीकडे पाहिलं, वहीनं बहुधा त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते कठड्याकडे धावले. नॉर्मन म्हणाला होता तसंच झालं, फक्त दुप्पट. परत आले ते आडवेच झाले. आवडाबाईंच्या भावाची दिवाळी मला आठवली.

"लिंबू द्या त्यांना," मी म्हणालो. पण लिंबाच्या वासानंही त्यांना उमळून येऊ लागलं. सुंठ नको, आवळकाठी नको. डोळे मिटून ते कण्हत होते, "जमीन. मला जमिनीवर न्या."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं आत्ताच तुळशीला पाणी घातलं होतं, माती ओली होती. तिनं कुंडी सरकवत त्यांच्या डोक्याशी आणली. "हे घ्या. ठाण्याची आहे. हुंगा."

विश्रामपंतांनी नाक मातीला लावलं आणि दीर्घ श्वास घेतला. मग दुसरा. ओल्या मातीचा वास, त्यात तुळशीचा. त्यांचं कण्हणं थांबलं. त्यांनी दोन्ही हातांनी कुंडीला मिठी मारली आणि नाक तसंच ठेवलं.

आणि त्याच वेळी धुकं आलं.

आधी किनारा फिका झाला, मग डोंगराचे फक्त माथे राहिले, मग तेही गेले. आगबोट भोंगा देत सावकाश चालू लागली. कप्तानानं खडकांना भिऊन ती आणखी बाहेर काढली. चारी बाजूंना पांढरं. मी कठड्याला लटकून उजवीकडे पाहत राहिलो. शुभदानं सांगितलं होतं, बघत राहा. मी इतकं बघितलं, की डोळ्यांना पाणी आलं. पण दिसायला काही असावं तर लागतं.

साडेआठ वाजले. विश्रामपंतांच्या घड्याळात वाजले, बोटीच्या घंटेवर वाजले. आडव्या माणसानं डोळे न उघडता विचारलं, "भूमी?"

"आहे," आत्या म्हणाली. "हुंगा."

"वही," ते म्हणाले. मी वही दिली. त्यांना बसवेना. "तुम्ही लिहा. मी सांगतो. वेळ साडेआठ. दिशा?"

मी धुक्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी कचेरीत शेकडो खोट्या नोंदी उतरवल्या असतील, दुसऱ्यांच्या. पण हा माणूस पगडी गेली तेव्हासुद्धा खरं लिहिणारा. मी म्हणालो, "विश्रामपंत, किनारा दिसत नाही."

त्यांनी डोळे उघडले. पांढरं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या आजारातही दुःख दिसलं, खरंखुरं. "मग तसं लिहावं लागेल," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं. मुलगी गुणी आहे म्हणतात."

"थांबा," आत्या म्हणाली. "शास्त्रीबुवांनी काय म्हटलंय? किनारा दिसला पाहिजे म्हटलंय?"

"भूमी," विश्रामपंत म्हणाले. "भूमीचं दर्शन."

"मग नाकासमोर काय आहे तुमच्या?"

विश्रामपंतांनी नाकासमोर पाहिलं. तिथं ठाणं होतं. काळं, ओलं, एक गांडूळ असलेलं. रोज सकाळी जिला हात लावून आत्या पाय टेकल्याबद्दल क्षमा मागते, तीच अंगणातली माती. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं, पुन्हा कुंडीकडे. कल्पनाशक्ती नसलेल्या माणसाचा हाच फायदा असतो, की समोर जे आहे ते त्याला नाकारता येत नाही.

"ही भूमी आहे," ते शेवटी म्हणाले. "यात खोटं काही नाही. लिहा. भूमी दिसली."

"अंतर अंदाजे?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "नाकास टेकून," ते म्हणाले, आणि आडव्यानंच सही केली.

नऊ वाजता तेच. साडेनऊला तेच. दहाला धुकं उठलं आणि किनारा परत आला, पण विश्रामपंत दर अर्ध्या तासाला नोंद आणि सही करण्यापुरते उठून पुन्हा शांत झोपत, नाक ठाण्यात आणि बाकीचे समुद्रात.

चार दिवसांनी कल्याण. तीच ओसरी, तेच वडीलधारे. हरिहरपंतांनी वही मोठ्यानं वाचली. "दोन कोस. दीड कोस. पगडी गेली, भूमी आहे." इथं त्यांनी बंधूंकडे पाहिलं. पान उलटलं. "साडेआठ. भूमी दिसली. अंतर अंदाजे..." ते थांबले. वही जवळ धरली, लांब धरली. "हे काय? नाकास टेकून?"

"होय," विश्रामपंत म्हणाले.

"कुणाच्या?"

"माझ्या."

"भर समुद्रात?"

"भर समुद्रात. ठाण्याची होती. धुक्यात किनारा गेला, ही गेली नाही. तिन्ही नोंदींच्या वेळी मी स्वतः तिला धरून होतो."

आत्यानं आलवणाच्या आतून कुंडी पुढं सरकवली. गळ्यात तिकीट होतं. शास्त्रीबुवांनी ते हातात घेऊन वाचलं: 'झाड, मातीसह, एक', तारीख, शिक्का. सरकारी शिक्का नव्हता, कंपनीचा होता, पण जांभळा होता. जांभळ्या शिक्क्यासमोर कल्याणात कुणी आवाज चढवत नाही.

"नित्य पूजेची माती?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"रोज पाणी, रोज प्रदक्षिणा," आत्या म्हणाली. "बोटीवर कुंडीला प्रदक्षिणा घालताना तीन उतारूंच्या पायांवर पाय दिला, त्यांना विचारा."

शास्त्रीबुवांनी तपकीर घेतली. आतल्या दाराआड बांगड्यांचा आवाज थांबला. मला वाटतं मुलगाही तिथंच कुठंतरी खांबाआड असावा. त्या घरात खांब बरेच आहेत.

"इतरांना भूमीचं दर्शन घडतं," शास्त्रीबुवा म्हणाले, "इथं तर स्पर्श घडला. आणि दर्शनापेक्षा स्पर्श मोठा. दोष कसला? मला वाटतं थोडं पुण्यच पडलं असेल. विश्रामपंतांना जास्त."

विश्रामपंत ताठ बसले होते. नव्या पगडीला हनुवटीखाली दोरी होती.

हरिहरपंतांनी वही मिटली. "वाङ्निश्चय फाल्गुनातच," ते म्हणाले, आणि आतून पेढ्यांचं ताट इतक्या लवकर आलं, की ते आधीपासून भरून ठेवलं असणार.

निघताना हरिहरपंत आम्हाला दिंडी दरवाजापर्यंत सोडायला आले. इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "रखमाबाई, मलाही थोडा खोकला आहे. जुनाच. ती बोट म्हणे माघातही जाणार आहे. कुंडी... मोकळी असेल का?"

"देईन की," आत्या म्हणाली. "वहीत नोंद करून न्या. आणि हो, आधी झोपाळ्यावर सराव करा बरं. मधूला विचारा, फार उपयोग होतो."

आठ दिवसांनी लग्नाच्या याद्या घेऊन मी पुन्हा कल्याणला गेलो. हरिहरपंत ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. डोळे मिटलेले, पगडी डोक्यावर, मांडीवर गाठोडं. विश्रामपंत मागून झोके देत होते, पण अंगात जोर नव्हता. बोटीचा अशक्तपणा अजून गेला नव्हता. मी आढ्याकडे पाहिलं. कडी जुनी होती, आमच्यापेक्षा जुनी. मग अंगणाकडे पाहिलं. वृंदावन बरोबर समोर. अंदाजे अंतर अकरा हात. आमचं नऊ हातांवर होतं.

मी याद्या कोनाड्यात ठेवल्या, धोतर खोचलं आणि म्हणालो, "विश्रामपंत, तुम्ही बसा. पंतांना आज वादळाचा सराव मी देतो."